विश्लेषण : ‘असामान्य क्षमते’चा अमेरिकी व्हिसा नेमका कुणाला मिळतो? ओ-१ साठी काय सिद्ध करावे लागते?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपयांचे शुल्क लावले आणि आतापर्यंत फारसा चर्चेत नसलेला एक व्हिसा अचानक भारतीय अभियंत्यांच्या बोलण्यात आला. तो म्हणजे ओ-१. या व्हिसाला लॉटरी नाही, वार्षिक संख्येची मर्यादा नाही आणि एक लाख डॉलरचे नवे शुल्कही नाही. मात्र त्यासाठी अर्जदाराकडे ‘असामान्य क्षमता’ असावी लागते. हा व्हिसा फक्त नोबेल विजेत्यांना मिळतो, असे काहींना वाटते. तर तीन-चार प्रमाणपत्रे जमवली की कुणालाही मिळतो, असे सल्लागार सांगतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हा व्हिसा देताना अधिकारी नेमके काय तपासतात, सामान्य नोकरदार अभियंत्याला त्याचा कितपत उपयोग आहे आणि त्यात धोका कुठे आहे, याचा हा आढावा.

ओ-१ व्हिसा काय आहे?

१९९० पर्यंत अमेरिकेत पदवीधर व्यावसायिक आणि नामवंत कलावंत, खेळाडू हे सगळे ‘एच-१’ याच वर्गातून येत. २९ नोव्हेंबर १९९० रोजी तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी स्वाक्षरी केलेल्या स्थलांतर कायद्याने ही सरमिसळ दूर केली. पदवी आवश्यक असलेल्या नोकऱ्यांसाठी एच-१बी राहिला आणि त्याला वार्षिक मर्यादा आली. आपल्या क्षेत्रात अत्युच्च स्थान मिळवलेल्यांसाठी ओ हा वेगळा वर्ग तयार झाला.

ओ-१ चे दोन भाग आहेत. विज्ञान, शिक्षण, उद्योग-व्यवसाय आणि क्रीडा या क्षेत्रांसाठी ओ-१ए. कला, तसेच चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांसाठी ओ-१बी. कलावंत किंवा खेळाडूसोबत येणाऱ्या आवश्यक सहाय्यकांना ओ-२ मिळतो, तर पती-पत्नी आणि २१ वर्षांखालील मुलांना ओ-३. माहिती-तंत्रज्ञान, संशोधन आणि नवउद्यमी क्षेत्रातील भारतीयांचा संबंध प्रामुख्याने ओ-१ए शी येतो.

एच-१बीपेक्षा तो वेगळा कसा?

एच-१बी हा नोकरीवर आधारलेला व्हिसा आहे. त्या पदासाठी विशिष्ट पदवी लागते का आणि उमेदवाराकडे ती आहे का, हे त्यात पाहिले जाते. दरवर्षी ६५ हजार आणि अमेरिकी विद्यापीठांतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी त्याची मर्यादा आहे. मागणी त्याहून कितीतरी जास्त असल्याने निवड सोडतीने होते. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांत भारतात जन्मलेल्यांचा वाटा २०२४ या आर्थिक वर्षात सुमारे ७१ टक्के होता. त्यामुळे या व्हिसाच्या नियमांतील कोणत्याही बदलाचा पहिला फटका भारतीयांना बसतो. एक लाख डॉलरचे शुल्क प्रामुख्याने अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांच्या नव्या अर्जांना लागू झाले, म्हणजे थेट पुण्या-बेंगळूरुहून जाऊ पाहणाऱ्यांना.

ओ-१ मध्ये पदापेक्षा व्यक्ती महत्त्वाची असते. पदवीची अट नाही. अर्ज वर्षभरात कधीही करता येतो. सुरुवातीला तीन वर्षांपर्यंत मुदत मिळते आणि पुढे साधारणपणे एकेका वर्षाची वाढ घेता येते. एच-१बीची सहसा सहा वर्षांत संपणारी कमाल मुदत इथे नाही. मात्र एक मोठी गैरसोय आहे. ओ-३ वर गेलेल्या पती किंवा पत्नीला अमेरिकेत नोकरी करता येत नाही. एच-१बीधारकाच्या जोडीदाराला ग्रीन कार्डच्या ठरावीक टप्प्यानंतर कामाचा परवाना मिळू शकतो, तशी सोय ओ-३ ला नाही. दोघेही कमावते असलेल्या कुटुंबाने हा हिशेब आधीच मांडायला हवा.

‘असामान्य क्षमता’ कशी मोजतात?

ओ-१ए साठी नियमातील व्याख्या कठोर आहे. आपल्या क्षेत्रात अगदी वरच्या टोकाला पोहोचलेल्या मोजक्या लोकांपैकी एक, असा तिचा अर्थ. नोबेलसारखा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार असेल तर त्या एकाच पुराव्यावर काम भागते. नसेल, तर आठपैकी किमान तीन निकषांवर पुरावा द्यावा लागतो. हे निकष वाचायला सोपे वाटतात, पण प्रत्येकात एक खोच आहे.

पुरस्कार : राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता असलेला, त्या क्षेत्रातील उत्कृष्टतेसाठी दिलेला पुरस्कार हवा. कंपनीतील ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ यात बसत नाही. स्पर्धकांची संख्या, निवडीची पद्धत आणि पुरस्काराची ख्याती, हे सगळे दाखवावे लागते.

सदस्यत्व : केवळ वर्गणी भरून किंवा ठरावीक वर्षांच्या अनुभवावर मिळणारे सदस्यत्व चालत नाही. असाधारण कामगिरीची अट आणि तज्ज्ञांकडून निवड, या दोन्ही गोष्टी लागतात. ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचे ‘फेलो’ असणे हे अमेरिकी स्थलांतर विभागाने आपल्या मार्गदर्शिकेत दिलेले ग्राह्य उदाहरण आहे. त्याच संघटनेचे साधे सदस्यत्व त्या पंक्तीत बसत नाही.

प्रसिद्धी : प्रमुख माध्यमांत किंवा व्यावसायिक नियतकालिकांत अर्जदाराविषयी आणि त्याच्या कामाविषयी मजकूर आलेला असावा. बातमी केवळ कंपनीविषयी असेल आणि त्यात अर्जदाराचे नावही नसेल, तर उपयोग नाही. पैसे देऊन छापलेला जाहिरातवजा मजकूरही नाही. मराठी दैनिकातील बातमी जोडता येते, पण तिचा पूर्ण इंग्रजी अनुवाद आणि तो अचूक असल्याचे अनुवादकाचे प्रमाणपत्र लागते. शिवाय त्या दैनिकाचा खप आणि प्रभाव दाखवावा लागतो.

परीक्षण : इतरांच्या कामाचे परीक्षक म्हणून काम केलेले असावे. शोधनिबंधांचे परीक्षण, प्रबंधाच्या समितीतील सहभाग, स्पर्धेचे परीक्षकपद, असे काहीही. केवळ निमंत्रण आले होते, एवढे पुरत नाही. प्रत्यक्ष परीक्षण केल्याचा पुरावा लागतो.

मूळ योगदान : क्षेत्रावर मोठा परिणाम झालेले स्वतःचे संशोधन किंवा व्यावसायिक काम. सर्वाधिक अर्ज याच निकषावर अडखळतात. पेटंट मिळाल्याने काम मूळचे आहे हे कळते, महत्त्वाचे आहे हे नाही. ते तंत्र कुणी वापरले, कुणी परवाना घेतला, इतर संशोधकांनी त्यावर पुढे काय उभे केले, हे दाखवावे लागते.

लेखन : व्यावसायिक नियतकालिकांत किंवा प्रमुख माध्यमांत प्रसिद्ध झालेले अभ्यासपूर्ण लेख.

महत्त्वाची भूमिका : नामांकित संस्थेत कळीच्या पदावर केलेले काम. संस्था मोठी असणे पुरेसे नाही, तिथली अर्जदाराची भूमिका मोठी असावी लागते.

वेतन : त्या क्षेत्रातील इतरांच्या तुलनेत जास्त वेतन किंवा मोबदला. भारतातील वेतनाचे डॉलरमध्ये रूपांतर करून ते अमेरिकेतील पगाराशी ताडून पाहिले जात नाही. त्या देशातील त्याच व्यवसायाच्या वेतनमानाशी तुलना होते. त्यामुळे पुण्यातील वेतनही या निकषाला पुरे पडू शकते. मात्र तुलनेसाठी विश्वासार्ह आकडेवारी जोडावी लागते.

तीन निकष पूर्ण झाले की व्हिसा नक्की?

नाही. सल्लागारांच्या जाहिरातींत हा भाग सहसा नसतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने ‘कझारियन’ खटल्यात दिलेल्या निकालानंतर ‘असामान्य क्षमते’च्या ग्रीन कार्डसाठी दोन टप्प्यांची तपासणी रूढ झाली. आधी निकषांची मोजणी आणि मग सगळा पुरावा एकत्र ठेवून अंतिम प्रश्न : ही व्यक्ती खरोखर क्षेत्राच्या वरच्या टोकाला आहे का? ओ-१ च्या अर्जांतही अधिकारी याच पद्धतीने एकूण चित्र पाहतात. तीन निकष कसेबसे पूर्ण करणारा अर्ज इथे गळू शकतो. शंका असेल तर अधिकारी अधिक पुरावे मागणारी नोटीस पाठवतात आणि तिला ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे लागते.

तरीही ओ-१ च्या दहापैकी नऊहून अधिक अर्जांना मंजुरी मिळते, असे गेल्या काही वर्षांच्या आकडेवारीत दिसते. त्यावरून व्हिसा सोपा आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कागदपत्रे भक्कम असल्याशिवाय बहुतेक वकील अर्जच दाखल करत नाहीत. जे अर्ज पोहोचतात ते आधीच चाळणीतून गेलेले असतात.

कंपनीत काम करणाऱ्या अभियंत्याचे काय?

हे निकष मुळात प्राध्यापक, शास्त्रज्ञ, खेळाडू यांना नजरेसमोर ठेवून केलेले वाटतात. प्राध्यापकाचे काम त्याच्या नावाने प्रसिद्ध होते, त्याचे संदर्भ मोजता येतात. नोकरदार अभियंत्याचे तसे नसते. समजा, हिंजवडीतील एका कंपनीत दहा वर्षे काम करणाऱ्या अभियंत्याने एखाद्या बँकेची देयक यंत्रणा उभी केली. रोज लाखो व्यवहार त्यावरून होतात. पण ती संगणक प्रणाली ग्राहकाच्या मालकीची आहे, तिचे तपशील गोपनीयतेच्या करारात बंद आहेत आणि उत्पादनावर नाव कंपनीचे आहे. बाहेरच्या जगात या अभियंत्याच्या कामाचा एकही कागद नाही. त्याच्याच वर्गातला, परदेशात पीएचडी केलेला मित्र मात्र चार निबंध आणि तीस परीक्षणे दाखवू शकतो. दोघांत जास्त हुशार कोण, हे अधिकारी ठरवत नाहीत. त्यांच्यासमोर फक्त फाइल असते.

ही अडचण काही प्रमाणात अमेरिकी प्रशासनाने मान्य केली आहे. जानेवारी २०२२ मध्ये विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या क्षेत्रांसाठी स्थलांतर विभागाने मार्गदर्शक सूचना दिल्या. एखादा निकष अर्जदाराच्या व्यवसायाला सहज लागू होत नसेल, तर त्याऐवजी तुल्यबळ पुरावा देता येतो, हे त्यात उदाहरणांसह स्पष्ट केले. उद्योगात काम करणारा माणूस शोधनिबंध लिहीत नसेल, तर मोठ्या व्यावसायिक परिषदेत केलेले सादरीकरण दाखवू शकतो. नवउद्यमीचा संस्थापक पगार कमी घेत असेल, तर कंपनीतील त्याच्या समभागांचे मूल्य पुढे करता येते.

नोकरदारांसाठी सर्वांत उपयोगी निकष म्हणजे ‘महत्त्वाची भूमिका’. त्यासाठी वरिष्ठांची पत्रे लागतात. पण ‘हा अत्यंत हुशार आणि मेहनती आहे’ अशा पत्राला किंमत नसते. कोणती अडचण होती, या व्यक्तीने नेमके काय केले, त्यामुळे किती खर्च वाचला किंवा किती ग्राहकांना फायदा झाला, ही व्यक्ती नसती तर काय झाले असते, असे तपशील हवेत. ज्यांचा अर्जदाराशी रोजचा संबंध नाही, पण ज्यांना त्याचे काम माहीत आहे अशा तज्ज्ञांच्या पत्राला अधिक वजन येते. अडचण अशी, की अनेकांना या पत्रांची आठवण नोकरी बदलल्यानंतर होते. तोवर वरिष्ठ दुसरीकडे गेलेले असतात आणि जुना ईमेल बंद झालेला असतो.

कलावंतांसाठी निकष वेगळे आहेत का?

हो. कलेच्या क्षेत्रात ओ-१बी साठी ‘विशेष ख्याती’ ही तुलनेने सौम्य कसोटी आहे. ऑस्कर, एमी, ग्रॅमीसारखा पुरस्कार किंवा त्यासाठीचे नामांकन नसेल, तर सहापैकी तीन निकष पूर्ण करावे लागतात. नावाजलेल्या कार्यक्रमांत प्रमुख भूमिका, समीक्षकांची दखल, व्यावसायिक यश, नामांकित संस्थांसाठी केलेले काम, असे ते निकष आहेत. चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी कसोटी याहून कडक असते. शास्त्रीय संगीत, लोककला असे विशिष्ट संस्कृतीशी निगडित कार्यक्रम घेऊन ठरावीक काळासाठी जाणाऱ्या कलावंतांसाठी आणि संचांसाठी पी-३ हा वेगळा वर्ग आहे. काही कार्यक्रमांपुरता दौरा असेल तर ओ-१ च्या मागे लागण्याची गरज नसते.

अर्ज कोण करतो आणि खर्च किती?

ओ-१ साठी व्यक्तीला स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नाही. अमेरिकेतील नियोक्ता किंवा प्रतिनिधी आय-१२९ हा अर्ज दाखल करतो. एकाहून अधिक ठिकाणी काम करणाऱ्या मुक्त व्यावसायिकांना प्रतिनिधीमार्फत अर्ज करण्याची सोय उपयोगी पडते. अर्जदाराच्या मालकीची स्वतंत्र कंपनीही त्याच्यासाठी अर्ज करू शकते, असे विभागाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे नवउद्यमींच्या संस्थापकांचा मार्ग सुकर झाला. अर्जासोबत कामाचा करार, कामाचे स्वरूप आणि त्या क्षेत्रातील संघटनेचे किंवा तज्ज्ञाचे अभिप्रायपत्र लागते.

एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार ओ वर्गाच्या अर्जाचे शुल्क १,०५५ डॉलर आहे. लहान कंपन्या आणि ना-नफा संस्थांसाठी ते ५३० डॉलर आहे. याशिवाय आश्रय कार्यक्रमासाठीचे शुल्क मोठ्या कंपन्यांना ६०० आणि लहान कंपन्यांना ३०० डॉलर आहे. जादा शुल्क भरल्यास कामकाजाच्या १५ दिवसांत निर्णय किंवा पुराव्यांची मागणी येते. वकिलाचे शुल्क या सगळ्यापेक्षा बरेच जास्त असते. अर्ज मंजूर झाल्यावर भारतातील उमेदवाराला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील किंवा अन्य शहरातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत द्यावी लागते. मंजूर अर्ज म्हणजे व्हिसा नव्हे. तो देण्याचा निर्णय दूतावासातील अधिकारी घेतो.

विकत मिळणाऱ्या ‘प्रतिभे’चा धोका काय?

निकष ठरलेले आहेत म्हटल्यावर ते पुरवणारा बाजारही उभा राहिला आहे. प्रवेश शुल्क भरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला मिळणारे पुरस्कार, पैसे देऊन छापून येणाऱ्या मुलाखती, इतरांनी लिहिलेल्या शोधनिबंधात सहलेखक म्हणून विकली जाणारी जागा, अर्जदाराचा काडीचाही संबंध नसलेल्या उपकरणाच्या डिझाइनची नोंदणी, असे ‘पॅकेज’ दिले जाते. अर्जदाराला ते गुंतवणुकीसारखे वाटते. सगळेच करतात, असा दिलासाही मिळतो.

प्रत्यक्षात यात दोन पातळ्यांवर धोका आहे. पहिला, असे पुरावे ओळखीचे होत जातात. एकाच संस्थेचे पुरस्कार, एकाच छापाची पत्रे आणि अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत अचानक प्रसिद्ध झालेले आठ निबंध, हे अधिकाऱ्यांच्या लक्षात येते आणि मग अर्जातील खरे पुरावेही संशयाच्या फेऱ्यात सापडतात. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. महत्त्वाच्या बाबीची खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवला किंवा तसा प्रयत्न केला, असे ठरले तर अमेरिकी कायद्यानुसार त्या व्यक्तीवर कायमची प्रवेशबंदी येऊ शकते. मंजूर झालेला अर्जही मागाहून रद्द होऊ शकतो. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या टप्प्यावर जुनी फाइल पुन्हा उघडली जाते. तोवर घर घेतलेले असते, मुले तिथल्या शाळेत असतात. पॅकेज विकणारा सल्लागार मात्र या परिणामांना जबाबदार नसतो, कारण अर्जातील माहितीची जबाबदारी अर्जदार आणि नियोक्त्याची असते.

ओ-१ मिळाला म्हणजे ग्रीन कार्डही मिळते का?

ओ-१ तात्पुरता व्हिसा आहे. त्याच्या जवळचा ग्रीन कार्डचा वर्ग म्हणजे ईबी-१ए. त्यासाठी नियोक्त्याची गरज नाही, व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. दहापैकी किमान तीन निकष लागतात आणि तपासणी अधिक कडक असते. ओ-१ मंजूर झाला म्हणून ईबी-१ए मंजूर होईलच असे नाही. मात्र ग्रीन कार्डसाठी अर्ज केला, या कारणावरून ओ-१ नाकारला जात नाही.

भारतीयांसाठी खरा प्रश्न रांगेचा आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्ड वर्षाला सुमारे एक लाख ४० हजार मिळतात आणि एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक जात नाहीत. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांसाठी ईबी-२ वर्गाची रांग १ जानेवारी २०१३ या तारखेवर होती. ईबी-१ ची रांग १५ फेब्रुवारी २०२२ वर होती. शिवाय ईबी-२ मध्ये आधी मंजूर झालेल्या अर्जाची जुनी तारीख ईबी-१ मध्ये वापरता येते. म्हणजे २०१५ पासून खोळंबलेल्या अभियंत्याचा ईबी-१ए मंजूर झाला, तर त्याची प्रतीक्षा जवळपास संपते. दहा-बारा वर्षे अमेरिकेत राहिलेले भारतीय या वर्गाकडे वळण्याचे आणि पुरावे विकणाऱ्यांचा धंदा तेजीत असण्याचे हेच मोठे कारण आहे.

अन्य देशांत असा व्हिसा आहे का?

ब्रिटनने फेब्रुवारी २०२० मध्ये ‘ग्लोबल टॅलेंट’ व्हिसा सुरू केला. त्यात नोकरीचे पत्र लागत नाही. रॉयल सोसायटी, रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंग, आर्ट्स कौन्सिल इंग्लंड अशा संस्थांची शिफारस लागते; काही प्रतिष्ठित पुरस्कारांच्या मानकऱ्यांना तीही लागत नाही. सिद्ध झालेल्यांबरोबरच ‘होतकरूं’साठीही त्यात जागा आहे आणि जोडीदाराला काम करता येते. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या ग्लोबल टॅलेंट व्हिसाच्या जागी ‘नॅशनल इनोव्हेशन’ व्हिसा आणला. त्यात आधी इच्छा नोंदवावी लागते आणि निमंत्रण आल्यावरच अर्ज करता येतो.

तयारी कधी सुरू करावी?

अर्जाच्या वर्षी नव्हे, तर त्याच्या तीन-चार वर्षे आधी. आपल्या क्षेत्रातील निबंधांचे परीक्षण करणे, गोपनीयता न मोडता कामाविषयी परिषदांत बोलणे, मुक्त स्रोत प्रकल्पात नावानिशी योगदान देणे, प्रकल्प संपताच वरिष्ठांकडून तपशीलवार पत्र घेणे, वेतनाच्या आणि बढतीच्या नोंदी जपणे, ही कामे नोकरी सांभाळून करता येतात आणि त्यांना सल्लागार लागत नाही. पुढे ओ-१ चा अर्ज केला नाही, तरी ब्रिटनच्या व्हिसासाठी किंवा इथल्याच पुढच्या नोकरीसाठी हे कागद उपयोगी पडतात. एवढे करूनही फाइल तोकडी वाटत असेल, तर ती विकतच्या पुरस्कारांनी भरण्यापेक्षा आणखी एक-दोन वर्षे थांबणे शहाणपणाचे. ओ-१ ला अर्जाची अंतिम तारीख नाही, त्यामुळे थांबल्याने संधी हुकत नाही.